अध्ययन अक्षमता आणि अवधान विकार

बुद्धी, दृष्टी, श्रवण आणि शिकण्याची संधी यांत काही उणे नसताना एखाद्या मुलाचे वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानाने फार मागे राहते आणि नेटाने शिकवूनही ही तूट भरून निघत नाही, तेव्हा तिला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. या संज्ञेत ‘विशिष्ट’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. मूल सगळ्यातच मागे नसते. धडा ऐकून तोंडी उत्तरे झटपट देते आणि तोच धडा वाचायला सांगितला की अडते. या खाचखळग्यांमुळेच मोठ्यांची समजूत चुकते: ‘एवढं कळतं, म्हणजे येत असणार, लिहीत नाही तो आळस.’

अवधान विकार, म्हणजे एडीएचडी (अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता विकार), हा अध्ययन अक्षमतेचा प्रकार नव्हे. ती स्वतंत्र अवस्था आहे. मात्र दोन्ही एकाच मुलात आढळण्याचे प्रमाण योगायोगाच्या पलीकडचे असल्याने एकाची तपासणी करताना दुसऱ्याचीही करावी लागते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने शाळकरी मुलांतील अध्ययन अक्षमतेचे प्रमाण ५ ते १५ टक्के आणि मुलांमधील एडीएचडीचे सुमारे ५ टक्के दिले आहे.

मेंदूला इजा झाल्यावर वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ हा शब्द वापरला. ‘डिस्लेक्सिया’ हे नाव नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये दिले. पण मुलांच्या संदर्भात खरी सुरुवात मानली जाते ती १८९६ ची. त्या वर्षी इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. हुशार, खेळात तरबेज आणि वर्षानुवर्षे शिकवणी लावलेला हा मुलगा ७४९ गुणिले ८६७ हे गणित भराभर आणि बिनचूक सोडवी. स्वतःचे नाव मात्र अक्षरांची अदलाबदल करून लिही. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. सव्वाशे वर्षांनंतरही या दुखण्याचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा रूढ झाली ती १९६० च्या दशकात, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ सॅम्युएल कर्क यांच्यामुळे.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन अक्षमता, हा सर्वाधिक आढळणारा प्रकार. अक्षरे नाचताना दिसतात, उलटी दिसतात, ही त्याची लोकप्रिय प्रतिमा दिशाभूल करणारी आहे. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुले अधूनमधून अक्षरे उलटी काढतातच. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांत मूळ अडचण डोळ्यांत नसून ध्वनींत असते. बोललेला शब्द सुट्या आवाजांत फोडणे आणि तो आवाज खुणेशी जोडणे हे काम मेंदूच्या डाव्या भागातील जाळे करते, आणि या मुलांत त्याची घडण वेगळी असते. ‘सकाळमधला स काढला तर काय उरतं?’ या प्रश्नाला इतर मुले चटकन ‘काळ’ म्हणतात. डिस्लेक्सिया असलेले मूल पुन्हा ‘सकाळ’ म्हणून पाहते आणि थांबते. हा कल आनुवंशिक आहे. मुलाच्या तपासणीत बाप आपल्या शाळेच्या आठवणी सांगू लागतो, तेव्हा अनुभवी तज्ज्ञाला नवल वाटत नाही.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीपेक्षा बरेच सरळ आहे, म्हणून मराठी वाचताना ही अडचण येत नाही असे समजणे चूक. तिचे रूप बदलते. ‘स्थिती’ या शब्दात पहिली वेलांटी स आणि थ या दोघांच्या आधी उभी असते, पण उच्चारायची असते दोघांच्या नंतर. ‘मूर्ती’मधला रफार ‘ती’च्या डोक्यावर बसतो आणि म्हणायचा असतो तिच्या आधी. सराईत वाचकाच्या हे ध्यानीही येत नाही. अडखळणारे मूल जोडाक्षरापाशी थांबते, काना-मात्रा गाळते, नाहीतर पहिल्या अक्षरावरून अंदाज ठोकते. सरळ लिप्यांत पुष्कळदा चुका कमी आणि संथपणा जास्त दिसतो. मूल बरोबर वाचते, पण ओळ संपेपर्यंत आधीचे विसरलेले असते.

डिसग्राफिया, म्हणजे लेखन अक्षमता, वहीत दिसते. एकाच पानावर ‘पाऊस’ हा शब्द पाउस, पऊस आणि पाऊस असा तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो. तिसरा बरोबर आहे, म्हणूनच वही तपासणाऱ्याला वाटते की याला येत होते, निष्काळजीपणा केला. वास्तविक तीन वेळा तीन रूपे येणे हीच खूण आहे.

डिसकॅल्क्युलिया, म्हणजे गणन अक्षमता, हिच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. संख्येचा अंदाज, क्रम आणि स्थानिक किंमत इथेच गाडी अडते. ‘सहा मोठे की नऊ?’ यालाही बोटे लागतात. मराठी संख्यानामे यात भर घालतात: ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात, ६३ लिहिताना नंतर. ऐकून लिहिताना ३६ होणे सुरुवातीला कोणाचेही होते. चौथी-पाचवीतही तसेच होत राहिले तर तपासावे.

एडीएचडीची आरंभीची वर्णने अठराव्या शतकात सापडतात. बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडनच्या व्याख्यानांत अशा मुलांची चर्चा केली, पण ती ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ या मथळ्याखाली. ‘वळण लावलं नाही’ या शेऱ्याचे मूळ इतके जुने आहे. नावात अवधानाची न्यूनता असली तरी अडचण लक्ष कमी असण्याची नसून ते हवे तिथे लावण्याची आणि हवे तेव्हा काढण्याची आहे. ‘मग गेम खेळताना दोन तास कसं लक्ष लागतं?’ हा पालकांचा ठरलेला प्रश्न. गेममध्ये बक्षीस क्षणाक्षणाला मिळते; निबंधात ते पुढल्या आठवड्यात, तेही लाल शाईत.

डीएसएम-५ नुसार लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकावी लागतात आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. केवळ एका तासाला दंगा करणारे मूल यात बसत नाही. विकाराचे तीन आविष्कार मानतात: अवधानाचा, अतिचंचलतेचा आणि मिश्र. पहिल्यातले मूल कोणाला त्रास देत नाही, खिडकीबाहेर पाहत बसते, म्हणून नजरेतून सुटते. मुलींच्या बाबतीत हे विशेष घडते. २००७ मधील एका अमेरिकन अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूचे बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, सरासरीने सुमारे तीन वर्षे उशिरा परिपक्व होताना दिसले.

दोन्ही अवस्था वर्गात सारख्याच दिसू शकतात. वाचनाच्या तासाला चुळबुळणारे मूल लक्ष नसल्याने वाचत नाही, की वाचता येत नसल्याने त्याचे लक्ष उडते? तोच मजकूर कोणी वाचून दाखवला आणि मूल शांतपणे ऐकू लागले, तर संशय वाचनाकडे वळतो. ऐकतानाही मन भरकटले तर अवधानाकडे. यावर निदान होत नाही, पण दिशा कळते. रक्ताची चाचणी किंवा मेंदूचे छायाचित्र निदानासाठी उपयोगी पडत नाही. आधी डोळे आणि कान तपासतात, मग प्रमाणित चाचण्या, शाळेचा इतिहास आणि पालक-शिक्षकांची माहिती यांचा मेळ घालतात. शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असेल तर चाचणीचा निकाल जपून वाचावा लागतो. पूर्वी बुद्ध्यंक आणि शालेय प्रगती यांतली तफावत मोजत. त्यात मूल पुरेसे नापास होईपर्यंत मदत थांबून राही. डीएसएम-५ ने ही अट काढून टाकली.

अध्ययन अक्षमतेवर औषध नाही. आवाज आणि अक्षर यांची सांगड पायरीपायरीने, भरपूर उजळणीसह घालणारे अध्यापन डिस्लेक्सियात उपयोगी ठरते, आणि जितके लवकर तितके बरे. रंगीत चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांना भक्कम पुरावा नाही. एडीएचडीत पालक-प्रशिक्षण, वर्गातील छोट्या सूचना व तत्काळ प्रतिसाद, आणि गरजेनुसार मेथिलफेनिडेटसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात. भूक मंदावणे आणि झोप उडणे हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम. साखरेने मुले अतिचंचल होतात, हा समज नियंत्रित प्रयोगांत टिकलेला नाही.

परीक्षेत जादा वेळ, वाचक किंवा लेखनिक देणे याला सवलत म्हणतात. ‘मेहेरबानी’ असा त्या शब्दाला येणारा वास अनाठायी आहे. डिस्लेक्सिया असलेली अनेक मुले मोठेपणी बिनचूक वाचू लागतात, परंतु त्यांचा वेग बहुधा कमीच राहतो. म्हणून शाळेत मिळालेला जादा वेळ महाविद्यालयातही लागतो, आणि ‘आता तर वाचता येतं ना?’ या प्रश्नाला तिथेही उत्तर द्यावे लागते.