पाडव्याच्या हंगामात घर विकताना : पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील घरमालकांसाठी माहितीपत्रक (फेब्रुवारी २०२६)

आमच्याकडे जुन्या सदनिकांच्या पुनर्विक्रीसाठी येणाऱ्या घरमालकांचा सध्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाडव्याला भाव वाढतील का? भाव किती वाढतील यापेक्षा यंदा व्यवहारासाठी दिवस किती मिळणार आहेत, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. गुढीपाडवा १९ मार्चला आणि अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला आहे. त्यानंतर १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात गृहप्रवेश न करणारी कुटुंबे आमच्या ग्राहकांत आजही पुष्कळ आहेत, आणि मुलांच्या शाळेसाठी जूनपूर्वी ताबा हवा असणारेही तेवढेच आहेत. एरवी जूनपर्यंत रेंगाळणारा हंगाम त्यामुळे यंदा मेच्या मध्यालाच आटोपेल, असा आमचा अंदाज आहे. बँकेचे कर्जमंजुरीचे काम, साठेखत (विक्रीचा आधीचा करार) आणि खरेदीखत (मालकी देणारा अंतिम दस्त) यांना मिळून सहज दीड-दोन महिने जातात. म्हणून पाडव्याच्या आधी घर दाखवायला काढणे सोयीचे ठरेल.

गेल्या वर्षभरात खरेदीदाराच्या हिशोबात सर्वांत मोठा फरक व्याजदराने पाडला. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर या चार वेळी मिळून रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. ही सव्वा टक्क्याची कपात कर्जदारापर्यंत पूर्ण पोचली असे धरले, तर ५० लाख रुपयांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्के दराने सुमारे ४३,४०० रुपये होत होता, तो सव्वासात टक्क्यांनी सुमारे ३९,५०० रुपये होतो. मात्र हप्ता कमी झाला म्हणून खरेदीदाराच्या हातातली रोकड वाढत नाही, आणि व्यवहार अडतो तो तिथे. ७० लाखांच्या सदनिकेवर बँक नियमानुसार जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ५६ लाख रुपये देऊ शकते. उरलेले १४ लाख, पुण्यातील सात टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख ९० हजार आणि नोंदणी फीचे ३० हजार, असे १९ लाख २० हजार रुपये खरेदीदाराला स्वतः उभे करावे लागतात. फक्त महिलांच्या नावे खरेदी असल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पतीचे नाव जोडले की ती जाते.

३१ मार्चपूर्वीच व्यवहार उरका, कारण १ एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या मालमत्ता-मूल्याचे, दर वाढतील, असे सांगणारे अनेक जण भेटतील. २०२५ साली दर वाढले, हे खरे आहे. त्या वेळी पुणे महापालिका क्षेत्रात सरासरी ४.१६ टक्के आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९ टक्के वाढ झाली. परंतु त्याआधी २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ते बदलले नव्हते. शिवाय मार्चअखेरीपर्यंत मुद्रांक शुल्क भरून दस्तावर सह्या झाल्या असतील, तर नोंदणीसाठी कायद्याने चार महिने मिळतात. दुय्यम निबंधक कार्यालयात ३१ तारखेला ताटकळण्याची गरज नसते. व्यवहाराची किंमत रेडी रेकनरच्या मूल्यापेक्षा कमी असेल तर फरक किती आहे ते आधी पाहावे, कारण तो दहा टक्क्यांच्या पलीकडे गेल्यास विकणारा आणि घेणारा अशा दोघांवरही आयकराचा बोजा येतो.

भाव ठरवताना संकेतस्थळांवरील जाहिराती आम्ही विचारात घेत नाही, कारण तिथे मागणीचा आकडा असतो, सौद्याचा नसतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आपल्याच इमारतीतील अलीकडच्या दस्तांची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) पाहता येते. तिच्यावरून खरा भाव कळतो. मेट्रोच्या बाबतीत विशेष सावध राहावे. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही मार्गिका सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि तिच्या स्थानकांपासून चालत जाण्याच्या अंतरावरील घरांची चौकशी आमच्याकडे निश्चित वाढली. वाकड-हिंजवडीकडे मात्र शिवाजीनगरला जोडणाऱ्या २३ किलोमीटरच्या मार्गिकेचा भाव इतक्या वर्षांपूर्वीपासून लावला गेला आहे की, तिच्या नावावर पुन्हा वाढीव रक्कम मागितली तर खरेदीदार सरळ उठून जातो.

पाडव्याला बांधकाम व्यावसायिकांच्या सवलतींचे फलक लागले की जुन्या घराचा मालक धास्तावतो. त्याने एवढे लक्षात ठेवावे की बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेवर साधारणतः पाच टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि पुनर्विक्रीच्या सदनिकेवर तो लागत नाही. ८० लाखांच्या घरावर हा फरक चार लाखांचा होतो. बोलणी करताना हा मुद्दा घरमालक फारसा काढत नाहीत, याचे आम्हाला नवल वाटते.

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांतील जुन्या इमारतींचा प्रश्न वेगळा आहे. पुनर्विकासाची चर्चा सुरू झालेल्या इमारतीत काही मालक नव्या घराच्या क्षेत्रफळाचा हिशोब धरून आजच्या घराची किंमत सांगतात. विकासकाशी करारनामा नोंदला गेला नसेल, तर खरेदीदार या आशेचे पैसे देत नाही, आणि आमच्या मते त्याचे बरोबर आहे. थांबण्याची ऐपत आणि तयारी असेल तर थांबावे. पैशांची निकड असेल तर आजच्या घराचाच भाव सांगावा.

आमच्या अनुभवात सौदे मोडतात ते बहुधा कागदपत्रांमुळे. आपली इमारत गृहनिर्माण संस्था आहे (इमारत संस्थेच्या मालकीची) की अपार्टमेंट (प्रत्येक सदनिका स्वतंत्र मालकीची), हे अनेक पुणेकर मालकांना विचारल्यावरच आठवते. संस्थेत शेअर सर्टिफिकेट (सभासदाच्या भागांचा दाखला) लागते, तर अपार्टमेंटमध्ये नोंदणीकृत डीड ऑफ अपार्टमेंट (सदनिकेच्या मालकीचा दस्त). घरावरील कर्ज फिटले असल्यास बँकेने मूळ कागद तीस दिवसांत परत करणे बंधनकारक आहे. तिच्याकडून उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई देय असते. मालक मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल, तर परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. अनिवासी विक्रेत्याच्या रकमेतून होणारी करकपात निवासी विक्रेत्याच्या एक टक्क्यापेक्षा खूपच जास्त असते. ती कमी करून देणारे आयकर विभागाचे प्रमाणपत्र मिळायला काही आठवडे जातात, म्हणून त्याचा अर्ज गिऱ्हाईक ठरताच करावा.

पहिल्या भेटीला येताना मूळ खरेदीखत, सूची क्रमांक दोन, भोगवटा पत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), चालू वर्षाची मिळकतकराची पावती आणि कर्ज असल्यास बँकेचे शिल्लक रकमेचे पत्र सोबत आणावे. हे कागद पाहण्यापूर्वी आम्ही कोणत्याही घराचा भाव सांगत नाही.