रीटेलिंग की व्हेरिएशन? चुकलेल्या पत्रावरून ओळखा

जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरून लिहिलेल्या नव्या कादंबऱ्यांच्या दोन जाती, रीटेलिंग आणि व्हेरिएशन. दोन्हींच्या मुखपृष्ठावर उंच कमरेचा झगा घातलेली मुलगी पाठमोरी उभी असते, समोर हिरवळ आणि दगडी हवेली. दोन्हींच्या नावात बहुतेक वेळा ‘डार्सी’ हा नायक नाहीतर त्याची हवेली ‘पेम्बर्ली’ येतंच. त्यामुळे एकदा मी एक समजून दुसरंच घेतलं. शंभरेक पानांतच नायिका एलिझाबेथ आणि डार्सीचं, मुळात अगदी शेवटी होणारं, लग्न लागून गेलेलं बघून मी चक्रावले, मधली पानं गाळली की काय म्हणून मागे जाऊन आले. पानं सगळी होती. मला हवं होतं रीटेलिंग आणि हातात पडलं होतं व्हेरिएशन.

दोघांची आई एकच, जेन ऑस्टेनची १८१३ सालची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. रीटेलिंगमध्ये त्या कादंबरीतल्या घटना जागच्या हलत नाहीत, सांगणारा तेवढा बदलतो. आपल्याकडे ‘मृत्युंजय’मध्ये महाभारत कर्णाच्या बाजूने ऐकताना युद्धाचा निकाल काही बदलत नाही, तसंच. व्हेरिएशनमध्ये एक घटना मुद्दाम बदलतात आणि पुढचं सगळं नव्याने रचतात. जयंत नारळीकरांच्या कथेत पानिपतावर विश्वासरावांची गोळी चुकते आणि इतिहासच दुसऱ्या वाटेला लागतो, त्या जातीचं हे लेखन. इथे गोळीच्या जागी पावसाची सर असते, मुरगळलेला पाय असतो, नाहीतर एखादं पत्र.

पत्रच घेऊ. मुळात सेहेचाळिसाव्या प्रकरणात एलिझाबेथ मामा-मामींबरोबर पेम्बर्लीजवळच्या लॅम्बटन गावी खानावळीत उतरलेली आहे. थोरल्या बहिणीचं, जेनचं, पत्र येत नाही म्हणून ती रोज खट्टू होते आणि तिसऱ्या सकाळी एकदम दोन पत्रं येतात. पहिलं भलतीकडेच फिरून आलेलं असतं, कारण जेनने पत्ता फारच गिचमिड लिहिला होता. मामा-मामी फिरायला गेलेले. धाकटी बहीण लिडिया विकहॅम नावाच्या कर्जबाजारी लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून गेल्याचं एलिझाबेथ एकटीच वाचते, मामांना गाठायला दाराकडे धावते आणि नेमका तेव्हाच दारात डार्सी.

आता हाच पत्ता जेनने नीट लिहिला असता तर? बातमी आधीच पोचली असती, सामान बांधून तिघं घरी निघाले असते आणि डार्सीला यातलं काही कळलंही नसतं. मग विकहॅमला लंडनमध्ये शोधलं कुणी असतं? त्याचं हजार पौंडांहून जास्त कर्ज कुणी फेडलं असतं? मुळात ही दोन्ही कामं डार्सी करतो. व्हेरिएशन लिहिणाऱ्याला इथून सगळं नव्याने उभं करावं लागतं. वाचकाला शेवटी लग्न हवंच असतं, फक्त तिथवरचा रस्ता लेखकाने स्वतः खणायचा.

रीटेलिंगवाल्याच्या हातात पत्त्याची ती गिचमिड बदलणं नाही. त्याचं काम दाराबाहेर सुरू होतं. खानावळीतून बाहेर पडल्यावर डार्सी कुठे गेला, लंडनमध्ये विकहॅमशी घासाघीस कशी झाली, हे ऑस्टेन दाखवत नाही, नंतर मामीच्या पत्रातून सांगते. ती रिकामी जागा म्हणजे रीटेलिंगचं कुरण. आणखी मोठी जागा तिने स्वतःच सोडून ठेवली आहे. शेवटाकडे एलिझाबेथ विचारते, प्रेमात पडलास तरी कधी? डार्सी म्हणतो, नेमका क्षण सांगता येणार नाही, सुरुवात झाल्याचं कळायच्या आत मी मध्यावर पोचलो होतो. त्या न सांगता आलेल्या सुरुवातीवर डार्सीच्या तोंडून किती पुस्तकं लिहिली गेली असतील!

सांगणारा डार्सीच असायला हवा असं नाही. मुळात एलिझाबेथ चिखल तुडवत आजारी जेनला भेटायला जाते, तेव्हा तिचा सहा इंच चिखलाने माखलेला परकर बघून यजमानीण बायका नाकं मुरडतात. आपण अर्थातच एलिझाबेथच्या बाजूने. जो बेकर यांची ‘लाँगबॉर्न’ (२०१३) तीच गोष्ट बेनेटांच्या, म्हणजे एलिझाबेथच्या घरच्या, नोकरमाणसांकडून सांगते आणि आपण मोलकरणीच्या शेजारी जाऊन बसतो, कारण ते परकर चोळून धुणारी ती. घटनेला धक्का न लावता वाचकाची बाजू पालटते. मला रीटेलिंग आवडतं ते यासाठी.

व्हेरिएशनवर माझा राग नाही, एक तक्रार मात्र आहे. त्यातल्या पुष्कळांना नायक-नायिकेला लवकर एकत्र आणायची फार घाई. वादळात दोघं झोपडीत अडकतात, लोक बोलायला लागतात, अब्रूखातर लग्न. मग हन्सफर्ड गावी एलिझाबेथ डार्सीची पहिली मागणी धुडकावते, तो नकारच उडतो, नाहीतर अगदीच मिळमिळीत होतो. वर्षाला दहा हजार पौंड उत्पन्नाच्या माणसाला तोंडावर ‘नाही’ ऐकायला लावणारा तो प्रसंग गेला, की डार्सीने बदलायचं कशासाठी? चांगला व्हेरिएशनकार त्याला तेवढाच जोराचा दुसरा फटका देतो. तसे कमी.

घेताना मलपृष्ठावरचा मजकूर ‘तर काय झालं असतं?’ अशा वळणाचा असेल तर ते व्हेरिएशन. तरीही शंका राहिली तर मी हन्सफर्डचं पान शोधते. डार्सीच्या बाजूच्या रीटेलिंगमध्ये तो पाद्र्याच्या घराकडे निघालेला असतो, मनात वाक्यं जुळवत, होकार मिळणारच या खात्रीने. आत एलिझाबेथ एकटी बसली आहे, तिचं डोकं दुखतंय आणि ती काय म्हणणार ते आपल्याला शब्दन् शब्द पाठ आहे.