पाच वॅटचा ट्यूब ॲम्प आणि दहा बाय दहाची खोली

पाच वॅट म्हणजे छोट्या एलईडी बल्बइतकी वीज. तेवढ्यात कितीसा आवाज होणार, असं वाटून गिटार शिकणारे घरासाठी पाच वॅटचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या ट्यूबनी (निर्वात नळ्यांनी) गिटारचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर, घेतात. मग सांगलीत विश्रामबागेतला फ्लॅट असो की गावभागातलं भिंतीला भिंत लागलेलं घर, आवाजाचा नॉब दोनच्या पुढे नेता येत नाही. ॲम्प बिघडलेला नसतो. गिटारचा स्पीकर विजेचं आवाजात रूपांतर करण्यात फार तरबेज असतो, एवढंच. एक वॅट दिला की एक मीटरवर ९७ डेसिबल देणारे स्पीकर सर्रास मिळतात. त्याला पाच वॅट दिले की १०४ डेसिबल होतात. समोरासमोरचं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांनी घातलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे.

आता हिशोबाचा खरा भाग. वॅट दहापट कमी केले की १० डेसिबल उतरतात आणि कानाला आवाज जेमतेम निम्मा वाटतो. म्हणून पाचऐवजी एक वॅटचा ॲम्प घेऊन काम भागत नाही, तिथे फक्त सात डेसिबल वाचतात. खोलीत ७८ डेसिबलवर वाजवायचं असेल, तर स्पीकरपर्यंत ०.०१२५ वॅटच पोचला पाहिजे. पाच वॅटचा हा चारशेवा भाग झाला.

मग नॉबच खाली का ठेवू नये? जवारीमुळे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून त्याला जवारी लावतात. तार त्या माथ्याला हलकेच घासत राहते आणि एका स्वरातून अनेक उपस्वर फुटतात. जवारी उतरली की तंबोरा वाजतो, पण बोलत नाही. ट्यूब ॲम्पमध्ये हेच काम ट्यूब करते. तिच्या ताकदीबाहेर सिग्नल आला की लाटेचे माथे दबतात आणि उपस्वर तयार होतात. नॉब खाली ठेवला की ट्यूब आरामात राहते आणि जवारी जाते. म्हणून आधी ठरवायचं, आपल्याला कुठल्या ट्यूबची जवारी आवडते. आवाज कापायचा तो तिच्या पुढे.

स्वच्छ सूर हवा असेल किंवा पहिल्या छोट्या ट्यूबचा म्हणजे १२एएक्स७चा खरखरीतपणा पुरत असेल, तर काम स्वस्तात होतं. ॲम्पला इफेक्ट्स लूप (सिग्नल मधूनच ‘सेंड’मधून बाहेर काढून ‘रिटर्न’मधून परत आत घ्यायची सोय) असेल तर सेंड आणि रिटर्नच्या मध्ये १०० किलोओहमचा लॉग पॉट, म्हणजे नॉबने फिरवायचा रेझिस्टर, एका डबीत बसवून लावायचा. लॉगच घ्या. लिनिअर पॉट शून्यापासून एकदशांश फिरवला की लगेच मूळ आवाजाच्या वीस डेसिबल खाली येऊन पोचतो, त्यामुळे घरात वापरायची सगळी जागा नॉबच्या पहिल्या केसभर हालचालीत संपते. लूप नसेल तर गिटारचाच व्हॉल्यूम उतरवा. त्याने तीक्ष्ण स्वर मरतात, म्हणून गिटारमधल्या व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या आणि मधल्या पाकळीमध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडावा. ट्यूब बदलूनही फरक पडतो. १२एएक्स७ची वर्धनक्षमता १००, ५७५१ची ७०, १२एवाय७ची ४५च्या आसपास. पिना तिन्हींच्या सारख्याच. यात कमाल आवाज फारसा घटत नाही, पण नॉब सौम्यपणे चढतो.

स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या मोठ्या ट्यूबची, म्हणजे ईएल८४ किंवा ६व्ही६ची जवारी हवी असेल तर मात्र ॲम्प आणि स्पीकर यांच्या मधेच आवाज कापावा लागतो. त्यासाठी लागतात एका डबीत बसवलेले दोन रेझिस्टर. ८ ओहमच्या स्पीकरसाठी १० डेसिबल उतरवायला ॲम्पकडून येणाऱ्या तारेत ५.६ ओहमचा रेझिस्टर मालिकेत, आणि त्याच्या पुढे स्पीकरच्या दोन टोकांवर समांतर ३.९ ओहमचा. ॲम्पला अजूनही सव्वाआठ ओहमचाच भार दिसतो, त्याला फरक कळत नाही. पाचपैकी साधारण ३.४ वॅट पहिल्या रेझिस्टरमध्ये जळतात, एक दुसऱ्यात, आणि स्पीकरला अर्धा उरतो. ॲम्प पूर्ण ताणला की तो छापील आकड्याच्या जवळपास दुप्पट वीज देऊ शकतो, म्हणून पहिला २० किंवा २५ वॅटचा आणि दुसरा १० वॅटचा घ्यावा. सांगलीत दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘सिमेंट रेझिस्टर’ म्हणून विचारा. ॲल्युमिनियमच्या आवरणाचे मिळाले तर उत्तम. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात.

आणखी उतरवायचं असेल तर अशाच दुसऱ्या डबीत ६.८ ओहम मालिकेत आणि १ ओहम समांतर. ही डबी १९ डेसिबलच्या जवळ कापते. दोन्ही एकापुढे एक लावल्या की बेरीज २९ होते आणि १०४चे ७५ डेसिबल राहतात. दुसरी डबी कधी एकटी वापरायची असेल, तर तिच्यातले रेझिस्टरही तितक्याच वॅटचे हवेत.

डबी पत्र्याची आणि भोकं पाडलेली असावी. रेझिस्टर तळापासून उचलून बसवावेत, कारण ते हात लावता येणार नाही इतके तापतात. तारा स्पीकरच्या जाड हव्यात. गिटारची जाळीदार केबल इथे चालत नाही. ॲम्पकडच्या टोकांवर २२० ओहम, ५ वॅटचा एक जादा रेझिस्टर समांतर टाकून ठेवा. एरवी तो काहीच करत नाही, पण ५.६चा टाका सुटला तर ॲम्पला निदान काहीतरी भार राहतो. ट्यूब ॲम्प भाराशिवाय चालवला की ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं, सॉकेटवर ठिणगी उडते नाहीतर गुंडाळीचं इन्सुलेशन फाटतं. ‘आवाज नको म्हणून स्पीकरची पिन काढून हेडफोन लावले’ या एका कृतीने ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. बाजारातला फिरता एल-पॅडही (हीच दोन रेझिस्टरची जोडणी, पण नॉबने बदलता येणारी) आठ ओहमचा आणि पुरेशा वॅटचा असेल तर चालतो, पण झिजलेला संपर्क मध्येच सुटण्याची भीती त्यात असते. माझं मत कायमच्या रेझिस्टरच्याच बाजूने.

ॲम्पला लावण्याआधी मल्टिमीटरने डबीचं ॲम्पकडचं टोक मोजा. स्पीकर न जोडता ९ ओहमच्या आसपास यायला हवेत. आठ ओहमच्या स्पीकरची गुंडाळी मीटरवर साडेसहाच्या जवळपास दिसते, म्हणून तो जोडल्यावर साडेसात ते आठ. दोनशेच्या वर किंवा शून्य दिसलं तर सोल्डर पुन्हा तपासा. सगळं जोडून झाल्यावरच मेनचं बटण दाबायचं, आणि काढताना आधी ते बंद.

डबी लावल्यावर सूर थोडा मंद वाटेल. याची कारणं दोन. कमी आवाजात आपला कान खर्ज आणि तीव्र दोन्ही टोकं कमी ऐकतो. हे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मोजून दाखवलं. दुसरं, स्पीकर सगळ्या स्वरांना आठ ओहमचा नसतोच. खर्जात त्याच्या अनुनादाजवळ आणि तीव्र स्वरांत त्याचा विरोध कितीतरी चढतो, आणि ट्यूब ॲम्प नेमका तिथे जास्त व्होल्टेज देऊन सूर खुलवतो. रेझिस्टर मध्ये आले की हा परस्परसंबंध तुटतो. ट्रेबल थोडा वर घेतला की बरंचसं परत मिळतं.

आणखी दोन चुका वारंवार दिसतात. पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर लावून ॲम्पला कमी व्होल्टेज देणं ही पहिली. ट्यूबच्या तापतारेला ६.३ व्होल्ट लागतात. ती थंड राहिली की कॅथोड, म्हणजे ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, खराब होतो, आणि डिमरची तुटक लाट ट्रान्सफॉर्मर तापवते. दुसरी, ॲम्पवर गोधडी टाकणं. ट्यूबला हवा लागते, गोधडी करपू शकते. मास्टर व्हॉल्यूम (मोठ्या ट्यूबच्या आधी आवाज कापणारा नॉब) बसवायला ॲम्प उघडायचा असेल तर तो जाणकाराकडेच न्या. आत ३०० व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात.

डबीनंतर जागेचं बघा. फरशीवर ठेवलेल्या ॲम्पचा खर्ज स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. खुर्चीवर दुमडलेल्या गोधडीची घडी ठेवून त्यावर ॲम्प ठेवला, आणि स्पीकर गुडघ्याऐवजी कानाकडे वळवला, की कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येतं. जाड तारेचा खालचा ई ८२ हर्ट्‌झचा आहे, त्याची लाट चार मीटरहून लांब असते. नऊ इंची विटांची भिंत तीक्ष्ण स्वर अडवते, याला नाही. म्हणून रात्री बास नॉब उतरवा, कोणाला तरी वाजवायला बसवा आणि स्वतः दार ओढून जिन्यात उभे राहा. तिथे जी घुमी ऐकू येईल, तीच शेजारच्या उशीपाशी पोचत असते. ती जाईपर्यंत बास आणखी कमी करा.