गुडघ्याच्या फाटलेल्या गादीवर व्यायामाचा उपचार: पार्श्वभूमी

एमआरआयच्या अहवालात मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातील गादी, फाटल्याचे वाचले की पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रिया अटळ वाटते. डॉक्टरांनी आधी तीन महिने फिजिओथेरपी करायला सांगितली, तर आपले दुखणे कोणी गांभीर्याने घेत नाही असा त्यांचा समज होतो. हा समज दूर व्हायला हवा, कारण त्या सल्ल्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव आहे.

हाडांच्या टोकांवरील कूर्चा (कार्टिलेज) एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७४३ सालीच नोंदवले होते. गादीच्या बाबतीत मात्र वैद्यक दीर्घकाळ भरकटले. एडिंबरोचे शल्यविशारद थॉमस अ‍ॅनन्डेल यांनी १८८३ साली एका खाणकामगाराची जागेवरून सुटलेली गादी टाके घालून पुन्हा बसवली. परंतु १८९७ साली ब्रिटिश शल्यविशारद ब्लँड-सटन यांनी या गाद्या म्हणजे पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष असल्याचे मत मांडले, आणि पुढची कित्येक दशके फाटलेली गादी सबंध काढून टाकण्याचीच रीत राहिली. १९४८ साली ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी अशा रुग्णांचे एक्स-रे तपासून सांध्यातील फट अरुंद होते, हाडाला कड येते आणि त्याचा पृष्ठभाग सपाट होतो, असे दाखवून दिले. गादी भार पेलते, हे तेव्हा कुठे ध्यानात येऊ लागले.

व्यायामोपचाराची वाट दुसऱ्या महायुद्धातून आली. जखमी सांध्याला विश्रांती आणि प्लास्टर हाच त्या काळचा रिवाज होता, आणि त्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू पाहता पाहता वाळून जात असे. अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघा दुखावलेल्या सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधून क्रमाक्रमाने वजन वाढवण्याची पद्धत सुरू केली आणि १९४५ साली ती प्रसिद्ध केली. दहा-दहा आवर्तनांचे तीन संच करण्याची जी पद्धत आजही फिजिओथेरपिस्ट सांगतात, तिचे मूळ डीलॉर्म यांच्याच कामात आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रव हालचालीबरोबर तिच्यात आत-बाहेर होतो आणि त्यातूनच तिचे पोषण होते. टोरंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवरील प्रयोगांत दाखवले की कूर्चेला पाडलेली छिद्रे गुडघा बांधून ठेवण्यापेक्षा सतत हलता ठेवल्यास अधिक चांगली भरतात. विश्रांतीवरचा जुना भरवसा त्यामुळे डळमळला. मुंबईतही पन्नाशीच्या दशकात के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले.

दरम्यान टोकियोचे मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली सांध्यात घालायच्या बारीक दुर्बिणीतून गादीचा केवळ फाटलेला भाग काढला. छेद लहान आणि रुग्ण लवकर घरी, त्यामुळे ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. माझ्या मते गरजेपेक्षा कितीतरी अधिक. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे पन्नाशीपुढच्या ९९१ व्यक्तींच्या एमआरआयचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता असे आढळले. २०१३ साली फिनलंडमध्ये १४६ रुग्णांपैकी काहींवर खरी, तर काहींवर लुटुपुटीची, म्हणजे गादीला हात न लावता केलेली शस्त्रक्रिया झाली. वर्षभरानंतर दोन्ही गटांचा आराम सारखाच होता. नॉर्वेतील १४० मध्यमवयीन रुग्णांच्या चाचणीत, जी २०१६ साली प्रसिद्ध झाली, बारा आठवड्यांचा देखरेखीखालील व्यायाम आणि शस्त्रक्रिया यांच्या परिणामांत दोन वर्षांनंतर लक्षणीय फरक दिसला नाही. व्यायाम करणाऱ्या गटातील सुमारे १९ टक्के रुग्णांनी नंतर शस्त्रक्रिया करून घेतली, हेही सांगितले पाहिजे. शिवाय आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून आणि उकिडवे बसण्याची सवय असल्यामुळे उपचाराचे उद्दिष्ट ठरवताना ही हालचाल स्वतंत्रपणे विचारात घेणे आवश्यक आहे.

या चाचण्यांचे निष्कर्ष प्रामुख्याने वयोमानाने झिजून फाटलेल्या गादीला लागू पडतात. तरुण खेळाडूची गादी एका झटक्यात उभी फाटून तिचा तुकडा सांध्यात अडकला आणि गुडघा सरळच होईना, तर शस्त्रक्रिया लांबवू नये. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तिथली फाट टाके घातल्यावर सांधू शकते. त्यानंतरही फिजिओथेरपी लागतेच, फक्त तिचा क्रम वेगळा असतो: सुरुवातीचे काही आठवडे गुडघा भार देऊन खोल वाकवण्यास मनाई असते आणि मांडीच्या स्नायूंची ताकद टाक्यांना ताण न देता टप्प्याटप्प्याने वाढवली जाते.