डोंगरउतारावरचे घर आणि मातीच्या पोटातले पाणी

२०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दित्वाह चक्रीवादळ श्रीलंकेवर धडकले आणि कँडी, बदुल्ला, नुवारा एलिया या डोंगराळ जिल्ह्यांत ठिकठिकाणी दरडी कोसळून शेकडो माणसे दगावली. अशा प्रत्येक आपत्तीनंतर तिचे एक सोपे कारण सांगितले जाते: पाणी मुरून माती जड झाली, निसरडी झाली आणि घसरली. हे कारण इतके पटण्याजोगे आहे की त्याची कोणी तपासणीच करत नाही. वस्तुतः ते जवळजवळ चुकीचे आहे, आणि उष्ण कटिबंधातल्या बेटावर डोंगरउतारावर आधुनिक घर बांधू पाहणाऱ्याने पहिल्यांदा समजून घ्यावी अशी गोष्ट याच चुकीत दडलेली आहे.

श्रीलंकेचा मध्यवर्ती डोंगराळ भाग अतिप्राचीन रूपांतरित खडकांचा आहे. भरपूर पाऊस आणि उष्णता यांमुळे हा खडक वरून खोलवर कुजत जातो आणि त्याची तांबूस माती तयार होते. तिच्यावर कुठे कुठे वरून घसरून आलेल्या दगडमातीचा सैल थरही साचलेला असतो. ही माती उन्हाळ्यात उभी कापली तरी भिंतीसारखी उभी राहते. म्हणूनच कंत्राटदार निर्धास्तपणे सांगतो की ‘दोन वर्षांपूर्वी कापलेला उतार आहे, एक ढेकूळ हललेले नाही.’ तो खोटे बोलत नसतो, पण ती माती कशाच्या बळावर उभी आहे हे त्याला ठाऊक नसते.

उतारावरच्या मातीला खाली ओढते ते तिचे वजन, आणि जागेवर धरून ठेवते ते मुख्यतः कणाकणांमधले घर्षण. घर्षण कण एकमेकांवर किती दाबले गेले आहेत यावर अवलंबून असते, म्हणजे तेही वजनातूनच येते. त्यामुळे माती नुसती जड झाली तर ओढ आणि पकड दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात आणि उतार होता तेवढाच सुरक्षित राहतो. बिघाड होतो तो निराळ्या कारणाने. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्या पाण्याला स्वतःचा दाब येतो, तो कणांना एकमेकांपासून दूर रेटतो आणि वरच्या भाराचा काही हिस्सा स्वतः पेलू लागतो. कणांच्या वाट्याला उरलेला दाब, म्हणजे एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करून राहतो तो, ‘प्रभावी दाब’ होय, आणि घर्षण फक्त त्याच्याच प्रमाणात मिळते. अभियंते कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या या तत्त्वावर आजचे सगळे मृदा-अभियांत्रिकी शास्त्र उभे आहे. पाणी वंगणाचे काम करत नाही. ते भार उचलून घेते आणि पकड काढून घेते.

आकडे घालून पाहू. उतार ३० अंशांचा, खडकावर मातीचा थर ३ मीटर जाडीचा, मातीचा घर्षणकोन (चिकटपणा नसलेली कोरडी माती ज्या कोनापर्यंत न घसरता टिकते तो) ३५ अंश आणि घनमीटरला वजन १.९ टन धरू. मातीचा चिकटपणा हिशेबात घेत नाही. कोरड्या स्थितीत पकड आणि ओढ यांचे गुणोत्तर म्हणजे ३५ अंशांचा टॅन भागिले ३० अंशांचा टॅन, अर्थात सुमारे १.२१. हे गुणोत्तर १ च्या वर आहे तोवर उतार टिकतो. आता थरात खडकापासून वर पाणी चढू लागले आणि उताराला समांतर वाहू लागले, तर थराचा जितका हिस्सा पाण्याने भरला आहे तो हिस्सा १.९ ने भागून १ मधून वजा करायचा आणि उरलेल्या संख्येने १.२१ ला गुणायचे. थर पूर्ण भरला तर उत्तर ०.५७ येते. पण गुणोत्तर १ वर येण्यासाठी थर भरावा लागतच नाही. तीन मीटरांपैकी तळाचा एक मीटर भरला तरी पुरतो. वरची दोन मीटर माती नुसती ओलसर दिसत असताना, अंगणात कुठेही पाणी साचलेले नसताना उतार निसटण्याच्या बेतात असतो.

मग उभा कापलेला उतार दोन वर्षे कसा टिकला? समुद्रकिनाऱ्यावर ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो, तसा. ओलसर मातीत पाणी पोकळ्या भरून टाकत नाही. ते कणांच्या सांध्यांत अडकलेले असते आणि पृष्ठताणामुळे कणांना एकमेकांकडे ओढते. येथे पाण्याचा दाब ऋण असतो. पोकळीचा व्यास एक शतांश मिलिमीटर असेल, तर ही ओढ सुमारे २९ किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ तीन मीटर पाण्याच्या स्तंभाइतकी भरते. आपल्या तीन मीटर जाडीच्या थराचे वजन तळाशी उताराला काटकोनात सुमारे ४३ किलोपास्कल दाब देते, हे लक्षात घेतले म्हणजे ही ओढ किती मोठी आहे ते कळते. ती पूर्ण प्रमाणात पकडीत उतरत नाही, तरी पुष्कळ उतरते. मात्र हा आधार उसना आहे. पावसाचे पाणी वरून मुरत खाली सरकते तसतशी ओढ नाहीशी होते, आणि तळाशी पाणी साचू लागले की ऋण दाबाच्या जागी धन दाब येतो. मुरायला वेळ लागतो, म्हणून कधीकधी दरड पाऊस थांबल्यावर काही तासांनी कोसळते. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) यांची आठवण असलेल्या वाचकाला हा प्रकार परका वाटू नये.

एवढे कळले की घराच्या आराखड्याचा क्रम बदलतो. आधी पाण्याचा नकाशा, मग खोल्यांचा. २०० चौरस मीटर छपरावर १५० मिलिमीटर पाऊस पडला की ३०,००० लिटर पाणी जमते. ते पन्हळीतून थेट घराखालच्या उतारावर सोडणे म्हणजे स्वतःच्या हाताने तळ भरणे होय. सांडपाण्याचा हिशेब तर कोणी करतच नाही. पाच माणसांच्या घरातून रोज ५५० लिटर पाणी शोषखड्ड्यात गेले आणि ते १०० चौरस मीटर जमिनीत मुरले, तर वर्षाला तेथे २,००० मिलिमीटर जादा पाऊस पाडल्यासारखे होते. कँडीत वर्षभरात साधारण तेवढाच पाऊस पडतो. आपल्या पाणलोट चळवळीने ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे मनावर बिंबवले आणि दुष्काळी पठारावर ते योग्यच आहे, पण घराच्या वरच्या अंगाला नेमके उलट करावे लागते. श्रीलंकेतल्या चहामळ्यांमध्ये उतारावर आडवे काढलेले आणि किंचित कल दिलेले चर हेच काम करतात: पाणी मुरण्याआधी त्याला बाजूच्या पक्क्या नाल्यात नेऊन सोडायचे. घराच्या माथ्यावर असा एक सिमेंटचा चर हवा, आणि त्यातला पालापाचोळा पावसाळ्याआधी काढायलाही हवा.

मागची माती अडवून धरणाऱ्या धारक भिंतीचेही तसेच. तीन मीटर उंचीच्या भिंतीवर पाणी निथळलेल्या मातीचा रेटा लांबीच्या दर मीटरला सुमारे २.३ टन येतो. मागे पाणी तुंबले की तो साडेपाच टनांच्या घरात जातो, आणि त्यातले जवळजवळ साडेचार टन एकट्या पाण्याचे असतात. म्हणून भिंत जाड करण्यापेक्षा तिच्यामागे खडीचा थर, माती अडवणारे जिओटेक्सटाइल कापड आणि भिंतीत पाणी बाहेर काढणारी भोके ठेवणे स्वस्त पडते आणि खात्रीचेही ठरते. कोकणातला जांभ्याचा गडगा चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेला असतो, तो पाणी अडवतच नाही. उलट नव्या बंगल्यांत दिसायला बरे म्हणून हीच भोके गिलाव्याने बुजवलेली आढळतात.

उतार कापून निघालेली माती खालच्या बाजूला पसरायची आणि सपाट चौथरा करायचा, ही सवयही सोडावी. सैल भराव भिजला की बसतो आणि कधी चिखलासारखा वाहतो. हाँगकाँगमध्ये १८ जून १९७२ रोजी साऊ माऊ पिंग येथे असाच भराव ढासळून ७१ माणसे दगावली. त्यापेक्षा घर हलके ठेवून, खडकापर्यंत नेलेल्या खांबांवर उचलून उतार जसाच्या तसा राहू द्यावा. श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांचे दांबुल्लाजवळचे कंदलामा हॉटेल (१९९४) सुमारे एक किलोमीटर लांब आहे, पण ते कड्यापासून सुटे आणि खांबांवर आहे. कड्यावरून येणारे पाणी त्याच्याखालून निघून जाते. रुंद वळचण, आरपार वारा, पश्चिमेला कमी काच, या गोष्टी त्यानंतरच्या, आणि त्या चांगल्या वास्तुविशारदाला सांगाव्या लागत नाहीत.

जाहिरातींतल्या काठ नसलेल्या पोहण्याच्या तलावाबद्दल मात्र बोलायला हवे. आठ बाय चार मीटरचा, दीड मीटर खोल तलाव म्हणजे उताराच्या कडेवर ठेवलेले ४८ टन पाणी. त्याच्या वजनापेक्षा त्याच्या गळतीची धास्ती मोठी, कारण ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे याच्या जोडीला वास्तुशास्त्र येते. पाण्याची टाकी ईशान्येलाच हवी असा हट्ट धरला आणि डोंगराचा उतार नैर्ऋत्येकडे असला, तर गळकी टाकी नेमकी घराच्या डोक्यावर येते. मातीतल्या पाण्याला फक्त वर आणि खाली कळते.

उतारावर काही लावायचेच तर वाळ्याचे गवत लावावे. त्याची मुळे तीन मीटरपर्यंत खोल जातात, उथळ माती बांधून ठेवतात आणि पाणी शोषून कणांना एकमेकांकडे खेचणारी ओढ टिकवायला मदत करतात. सरकणारा थर मुळांच्याही खाली असेल, तर मात्र त्यांचा काही उपयोग नाही.

श्रीलंकेत दरडप्रवण जिल्ह्यांत बांधकामाआधी राष्ट्रीय इमारत संशोधन संस्थेची मंजुरी लागते. हीच संस्था दरडींचे इशारेही देते: २४ तासांत ७५ मिलिमीटर पाऊस झाला की सावध राहायचे, १०० झाला की सज्ज व्हायचे, १५० झाला किंवा एकाच तासात ७५ पडला की घर सोडायचे. म्हणून उतारावरच्या घराच्या अंगणात साधे पर्जन्यमापक असावे आणि रात्रीही ते कोणीतरी पाहावे. भिंतीच्या भोकांतून स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. ते अचानक गढूळ झाले, किंवा मुसळधार पावसातही यायचे थांबले, तर आकडा पूर्ण होण्याची वाट न पाहता बाहेर पडावे.