मंदीतला सीएसआर : गेटच्या आतला आणि गेटच्या बाहेरचा

तुर्भ्याजवळच्या एका महापालिका शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचा कूलर आहे. स्टीलच्या पाटीवर एका कंपनीचं नाव, खाली बारीक अक्षरात ‘सीएसआर उपक्रमांतर्गत’, म्हणजे कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून केलेल्या खर्चातून. नळाला फडकं गुंडाळलेलं. फिल्टर बदलण्याचा वार्षिक करार संपला तो पुन्हा झाला नाही. ‘कंपनीचं ते वर्ष वाईट गेलं म्हणे,’ शिपाईकाका म्हणाले. कंपनीचं वर्ष वाईट गेलं की शाळेतल्या नळाला फडकं का बसतं, हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

सीएसआर हा शब्द ठाणे-बेलापूर पट्ट्यात अलीकडे आला. त्याआधी इथे ‘कामगार कल्याण’ होतं आणि ते गेटच्या आत होतं. 1948च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची तरतूद केली, पाचशे कामगारांच्या वर कल्याण अधिकारी नेमायला लावला, पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर मागितलं. त्याच वर्षी ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा कायदा झाला. 1953 साली मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला. गिरणगावापासून ठाण्यापर्यंतची ललित कला भवनं, शिवणवर्ग, नाट्यस्पर्धा त्यातूनच उभ्या राहिल्या. पुढे 1965च्या बोनस कायद्याने तर ठरावीक पगाराखालच्या कामगाराला कंपनी तोट्यात असली तरी किमान बोनस द्यायला लावला. आज तो दर 8.33 टक्के आहे. हे लक्षात ठेवा, कारण सीएसआरचा हिशेब बरोबर याच्या उलट चालतो.

अर्थात कायदा यायच्या आधीही अडचणीच्या काळात खिशात हात घालणारे मालक होते. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले आणि टाटांचा जमशेदपूरचा कारखाना बंद पडायच्या बेतात आला. 1924 साली सर दोराबजी टाटांनी स्वतःची सगळी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे गहाण टाकून कर्ज उचललं. त्यात पत्नी मेहेरबाईंचा 245 कॅरेटचा ज्युबिली हिराही होता. कारखाना तगला. दोराबजी 1932 साली गेले, हिरा पुढे विकला गेला आणि पैसा त्यांच्या ट्रस्टला मिळाला. त्याच ट्रस्टने परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय उभारलं, ते 1941 साली सुरू झालं. रुग्णालय नंतर सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेलं, आणि त्याचीच शाखा आज खारघरला आहे. पहाटेच्या लोकलने तिथे उपचाराला जाणाऱ्यांना त्या हिऱ्याशी काही देणंघेणं नसतं, असायचं कारणही नाही. पण मंदीत गहाण पडलेली वस्तू शेवटी कुठवर पोचली, याचा आपल्या भागातला हा सर्वांत जवळचा दाखला.

एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, 1962 साली स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. त्यानंतर खाडीपलीकडे दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा भरत गेला. नोसिल, हर्डिलिया, पॉलिओलेफिन्स ही नावं इथल्या जुन्या माणसांना बसस्टॉपसारखी पाठ आहेत. या कारखान्यांचं गेटबाहेरच्या गावांशी नातं सरळ होतं आणि खटक्याचंही. शेती गेलेली, मिठागरं गेलेली, म्हणून आगरी-कोळी गावांची मागणी एकच : आमच्या पोरांना नोकऱ्या द्या. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमिनी आणखी गेल्या, आणि जानेवारी 1984मध्ये उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. जमीन गेलेल्यांना तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणाऱ्या योजनेची मुळं त्या लढ्यात आहेत. अशा वातावरणात कंपनीची ‘सामाजिक जबाबदारी’ म्हणजे गणपतीची वर्गणी, कबड्डीच्या सामन्यांना ढाल, गावकीच्या हॉलला पंखे. पर्सोनेल मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये वर्गणीची पावतीपुस्तकं साचायची. हे दान नव्हतं, शेजारधर्मही पूर्ण नव्हता; गेटवर मोर्चा येऊ नये याची तजवीज त्यात बरीच होती.

नव्वदीनंतर गेटच्या आतलं कल्याणच आटलं. उदारीकरण, आयातीची स्पर्धा, शहरातल्या जमिनीचे चढलेले भाव. कारखाना चालवण्यापेक्षा जमीन विकणं परवडू लागलं. व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, हा शब्द ठाण्यात घराघरांत पोचला. आमच्या शेजारचे काका अशाच एका कारखान्यातून बाहेर पडले. रक्कम एकरकमी मिळाली. त्यांना चुटपुट लागली ती कॅन्टीनच्या कुपनांची, कारण तीस वर्षं दुपारचं जेवण घरच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. पोखरण रोडला रेमंडची मिल थांबली, तिच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. त्याच समूहाची 1969ची सिंघानिया शाळा मात्र चालू आहे. मिल गेली तरी शाळा राहते. शाळा स्वतःच्या फीवर उभी असते, कॅन्टीन मिलच्या नफ्यावर.

मग 2008. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळली, जानेवारी 2009मध्ये सत्यम या आयटी कंपनीचा हिशेबातला घोटाळा उघडा पडला. कंपन्यांवरचा विश्वास तळाला असताना, डिसेंबर 2009मध्ये केंद्राने सीएसआरची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. ऐच्छिक म्हणजे काय होतं ते आपण जाणतोच. शेवटी 2013च्या कंपनी कायद्यात कलम 135 आलं आणि 1 एप्रिल 2014पासून लागू झालं. नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतलं काहीही एक ओलांडलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचे. आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असंही कलमात आहे. जून 2014च्या परिपत्रकाने मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरातवजा प्रायोजकत्व असले एकदाच होणारे सोहळे वगळले. म्हणजे दहीहंडीचा बॅनर सीएसआरमध्ये बसत नाही. आणि फक्त आपल्याच कामगारांच्या उपयोगाचा खर्चही बसत नाही.

गेट इथे उलटं फिरलं. आतलं सगळं हिशेबाबाहेर, बाहेरचं तेवढं हिशेबात.

आता ती सरासरी. समजा महाप्यातल्या एका कंपनीला दरवर्षी 60 कोटी नफा होतो. मंदी आली, दोन वर्षं नफा 6-6 कोटींवर घसरला, मग पुन्हा 60. पहिल्या वाईट वर्षी तिला मागच्या तीन चांगल्या वर्षांवरून 1 कोटी 20 लाख द्यावे लागतात. दुसऱ्या वाईट वर्षी 84 लाख. बाजार सावरला त्या वर्षी 48 लाख, त्याच्या पुढच्या वर्षीही 48 लाख. ओरड पहिल्या वर्षी कंपनीच्या बाजूने होते, कारण गल्ल्यात पैसा नसताना रक्कम सगळ्यात मोठी असते. या पैशावर चालणाऱ्या संस्थांची उपासमार दोन-तीन वर्षांनी होते, तेव्हा मंदी संपल्याच्या बातम्या येऊन गेलेल्या असतात. बालवाडी चालवणाऱ्या बाईंना मग कोणाला काय समजावून सांगावं तेच कळत नाही.

कोविडमध्ये हे देशभर दिसलं. 2014-15 साली सीएसआरचा एकूण खर्च सुमारे 10 हजार कोटी होता. 2019-20 साली सुमारे 25 हजार कोटी आणि अर्थव्यवस्था आकुंचन पावली त्या 2020-21 साली सुमारे 26 हजार कोटी. पण पैसा वळला. 23 मार्च 2020ला केंद्राने कोविडवरचा खर्च सीएसआरमध्ये धरायला परवानगी दिली, पाठोपाठ पीएम केअर्स या पंतप्रधानांच्या निधीला दिलेल्या देणगीलाही. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली देणगी मात्र धरली जाणार नाही, असा खुलासा 10 एप्रिलला आला. महाराष्ट्रात त्यावरून नाराजी होणं साहजिक होतं. त्याच खुलाशात आणखी एक ओळ होती : टाळेबंदीत कामगारांना पगार देणं हे कंपनीचं कर्तव्य आहे, तो सीएसआर नव्हे. हंगामी कामगारांना पगारावर काही सानुग्रह दिलं तर तेवढं, अपवाद म्हणून, चालेल.

तत्त्वाला हे बरोबरच आहे. पगार हा उपकार नाही. पण दिघ्याच्या चाळीत बसलेल्या कंत्राटी हेल्परला त्या एप्रिलमध्ये पगारही नव्हता आणि सानुग्रहही नव्हतं. त्याच्या दारात आलं ते शिध्याचं पाकीट. पाकिटावर लोगो होता. ज्या कंपनीत तो ठेकेदारामार्फत जायचा तिचाच असता तर ती थट्टा झाली असती. सुदैवाने दुसऱ्या कंपनीचा होता.

जानेवारी 2021पासून नियम कडक झाले. न वापरलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत टाकावी लागते. बहुवर्षीय प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. उभी केलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सार्वजनिक यंत्रणेच्या, नोंदणीकृत संस्थेच्या किंवा लाभार्थ्यांच्या नावावर हवी. कूलर शाळेचा झाला तो असा, आणि फिल्टरही शाळेचाच. मुलं घरून बाटल्या आणतात.