हलक्या विमानांचे लँडिंग गिअर : तासांच्या हिशेबात न बसलेला थकवा

वारंवार ताण पडला की धातू थकतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेल्वेच्या आसांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. पोलादाबाबत एक दिलासाही मिळाला : ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला, तर कितीही फेरे झाले तरी तडा जात नाही. हा दिलासा कोरड्या हवेपुरताच होता. ओल आणि क्षार असले की ती मर्यादाच उरत नाही, हे १९२० च्या दशकातील चाचण्यांत दिसले. गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यापाशी ताण एकवटतो, तिथून तडा निघतो आणि तड्यात पुन्हा ओल शिरते. १९५४ च्या जेट विमानांच्या अपघातांनंतर धातूच्या थकव्याची चर्चा वाढली खरी, पण ती मुख्यतः प्रवासी विमानांच्या दाबयुक्त धडाची.

हलक्या विमानांच्या लँडिंग गिअरमध्ये, म्हणजे चाके धरणाऱ्या पायांत, १९४६ पासून स्प्रिंग पोलादाच्या सपाट पट्टीचे पाय आले. ना ऑलिओची (तेल आणि हवेच्या धक्काशोषकाची) गळती, ना धक्का झेलणाऱ्या रबरी दोऱ्या बदलण्याची कटकट. ‘याला देखभाल लागतच नाही’ अशी ख्याती झाली आणि पुढे तीच नडली. या पट्टीच्या खालच्या बाजूवर बारीक छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून घट्ट केलेला असतो. थकव्याला रोखणारा हा थर जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीचा. खड्यांनी रंग उडाला, गंज चढला आणि खड्डा या थराच्या पलीकडे गेला, की पट्टीचे संरक्षण संपले. ही बाजू जमिनीकडे असते, त्यामुळे वाकून पाहिल्याखेरीज गंज दिसत नाही.

उड्डाणात आत घेता येणाऱ्या गिअरची गोष्ट वेगळी. तिथे घडीव भाग, ट्रनिअन (पाय ज्यावर फिरतो तो खुंटा) आणि टॉर्क लिंक (चाक वळू न देणारे सांधे) आल्या. त्या काळातील काही जास्त ताकदीचे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू, विशेषतः ७०७९-टी६, नुसत्या अंगभूत ताणाने आणि दमट हवेनेही तडकत. त्यासाठी विमान उडायचीही गरज नव्हती. पुढे थोडी ताकद सोडून तडे टाळणारी उष्णता-प्रक्रिया आली.

खरा वादाचा मुद्दा १९६९ चा आहे. त्या वर्षी अमेरिकी नियमावलीने हलक्या विमानांच्या पंखांसाठी थकव्याचे मूल्यमापन सक्तीचे केले. लँडिंग गिअर त्यातून बाहेर राहिले. ताण एकवटणाऱ्या जागा शक्य तिथवर टाळा, असे एक मोघम कलम होते, तेवढेच. गिअरची मुख्य परीक्षा म्हणजे ते वरून सोडून पाहणे. उंची विमानाच्या वजन आणि पंखाच्या क्षेत्रफळावरून काढायची, पण ९.२ इंचांपेक्षा कमी नाही आणि १८.७ इंचांपेक्षा जास्त धरायची गरज नाही. एका आदळआपटीत नवा पाय टिकतो का, हे त्यातून कळते. वीस वर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या पायाचे पंधरा हजारावे साधे उतरणे कसे होईल, याचे उत्तर या परीक्षेत नाही.

यामागचा तर्क उघड होता. पंख तुटला तर कोणी वाचत नाही. पाय मोडला तर प्रोपेलर वाकतो आणि विमा भरपाई देतो. पैशाच्या हिशेबाने हे पटतेही. मात्र पाय मोडलेले विमान धावपट्टीवर सरळ राहत नाही, पंख जमिनीला घासतो आणि या विमानांत इंधन बहुधा पंखांतच असते. एवढी साधी गोष्ट तेव्हा बाजूला पडली, असे म्हणावे लागते.

दुसरा घोळ मोजमापाचा. पायाला थकवा येतो तो उतरण्यांनी, गंज चढतो तो महिन्या-वर्षांनी आणि देखभालीच्या नोंदवहीत लिहिले जातात उड्डाणाचे तास. प्रशिक्षणाचे विमान एका तासात सहा-आठ वेळा टेकते. खासगी मालकाचे एकदाच टेकते आणि मग महिनाभर पावसात उभे राहते. दोघांच्या वहीत एकच तास भरतो.

हा प्रश्न पुढे तीव्र झाला तो उत्पादन कोसळल्यामुळे. १९७८ मध्ये अमेरिकेत सुमारे १७,८०० हलकी विमाने तयार झाली. १९८६ पर्यंत आकडा दीड हजारापर्यंत घसरला. नवी येईनात, म्हणून जुनीच उडत राहिली. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला एका मोठ्या उत्पादकाने आपल्या जुन्या मॉडेलांसाठी पूरक तपासण्या काढल्या. त्यांत गंज आणि लँडिंग गिअर ठळकपणे होते. ऑस्ट्रेलियाने त्या बंधनकारक धरल्या, अमेरिकेत खासगी मालकांसाठी त्या शिफारशीच राहिल्या. हा उत्पादकाचा कायदेशीर बचाव आहे, ही मालकांची तक्रार अगदीच निराधार नसेल. तरी रंग खरवडून आणि डाय पेनिट्रंट (तड्यात मुरणारा रंग) किंवा मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबकाने तड्यापाशी जमणारी लोहभुकटी) पद्धतीने तपासून जे सापडते, ते खर्चाचे कारण सांगून नाकारता येत नाही.

२०१७ च्या नव्या अमेरिकी नियमांनी थकव्यासाठी तपासायच्या भागांची यादी सोडून दिली. ताकद घटण्याच्या आधी ओळखता येणाऱ्या कारणांमुळे गंभीर किंवा प्राणघातक इजा होऊ शकेल, तिथे तपासणीची पद्धत आखा, असे ते सांगतात. पाय मोडणे त्यात बसते का, हे प्रत्येक नव्या मंजुरीच्या वेळी ठरेल. आज उडणाऱ्या कित्येक जुन्या विमानांची मंजुरी मात्र १९६९ च्याही आधीच्या नियमांखाली झालेली आहे आणि त्यांना ती तशीच लागू राहते.